मंगळाशी बोलणं आणि मंगळावर जाणं: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कुठेही आकाशदर्शनाला दुर्बीण लावा, शनीची कडी बघून झाली की गप्पा मंगळावर येतात. तिथे हमखास निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बहुतेक आकडे मंगळाचे आहेत, कारण माणूस उतरून परत येऊ शकेल असा जवळचा ग्रह तोच. अंतराचा बाऊ फार केला जातो, पण मोहिमांना रडवलंय ते बहुतेक वेळा दिशेनं: अँटेनाची दिशा, यानाची दिशा, निघण्याची दिशा.

मंगळावर फोन लावला तर ‘हॅलो’ किती वेळानं पोचेल?

मंगळ अगदी जवळ आला की ५.६ कोटी किलोमीटरवर असतो, लांब गेला की ४० कोटींवर. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. त्यामुळे आवाज एका बाजूनं पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला तेवढीच आणखी. हा उशीर कुठल्याही यंत्रानं कमी होणार नाही.

म्हणजे संभाषण विसरा, इथे पत्रव्यवहार चालतो. त्याचे काही नियम पाळावे लागतात. प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यायचा. आपण कोणत्या क्रमांकाला उत्तर देतोय ते आधी सांगायचं. एका निरोपात एकच विषय ठेवायचा, पण तो पूर्ण: काय झालं, काय करून पाहिलं, आणि उत्तर येईपर्यंत आपण काय करणार आहोत. पृथ्वीवरच्या माणसानंही ‘वाल्व्ह बंद कर’ एवढंच म्हणून भागत नाही. ‘बंद कर; दाब उतरला नाही तर दुसरा बंद कर; तरी नाही उतरला तर तो कप्पा सोडून बाहेर पड’ असं सगळं एका दमात सांगावं लागतं. आग लागली किंवा हवा गळायला लागली तर पृथ्वीला विचारण्यात अर्थच नाही, तो निर्णय तिथल्यांनीच घ्यायचा.

व्हॉट्सॲप चालेल का?

आहे तसं नाही. आपलं इंटरनेट सतत ‘मिळालं का? मिळालं’ अशी खात्री करत चालतं. काही सेकंदांत पोच आली नाही की ते जोडणी तुटली असं धरून चालतं. मंगळाची पोच लवकरात लवकर सहा मिनिटांनी येणार. म्हणून ‘डिले टॉलरंट नेटवर्किंग’ वापरतात. यात वाटेतला प्रत्येक थांबा माहितीचं गाठोडं स्वतःकडे जपून ठेवतो आणि पुढचा थांबा दिसला की सोपवतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ही पद्धत २०१६पासून वापरात आहे.

इतक्या लांबून सिग्नल ऐकू तरी कसा येतो?

मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर’ या यानाचा हिशेब करून पाहू. त्याचा ट्रान्समीटर १०० वॅटचा आहे, जुन्या पिवळ्या बल्बाएवढा. डिश ३ मीटरची आणि फ्रिक्वेन्सी ८.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. या डिशमुळे सगळी ताकद जेमतेम पाऊण अंशाच्या झोतात गोळा होते. तरीही मंगळ लांबच्या टोकाला असताना पृथ्वीवरच्या ३४ मीटरच्या डिशमध्ये किती शक्ती उतरते? एका वॅटचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातले एक-दोन.

एवढ्याशा सिग्नलमधून माहिती काढण्यासाठी चार गोष्टी लागतात. डिश प्रचंड हवी. नासाच्या गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या केंद्रांवर ३४ आणि ७० मीटरच्या डिश आहेत, आणि बेंगळुरूजवळच्या ब्यालालू इथे इस्रोची ३२ मीटरची. डिशमागचा पहिला ॲम्प्लिफायर अतिथंड ठेवायचा, म्हणजे त्याची स्वतःची खरखर कमी होते. माहितीत जास्तीचे बिट मिसळायचे, म्हणजे वाटेत काही बिट बिघडले तरी मूळ मजकूर जुळवता येतो. आणि चौथी गोष्ट, जी विसरली जाते: घाई करायची नाही. सिग्नल क्षीण झाला की एकेका बिटला जास्त वेळ द्यायचा. जवळच्या आणि लांबच्या टोकाला मिळणाऱ्या शक्तीत सुमारे ५० पटींचा फरक पडतो, त्यामुळे तेच यान कधी भराभर बोलतं, कधी रेंगाळत.

केंद्रं तीन का? पृथ्वी फिरते म्हणून. एका ठिकाणी मंगळ मावळला की दुसरीकडे तो वर आलेला असतो.

लेझरनं काम लवकर होणार नाही का?

वेग तोच, पण माहिती कितीतरी जास्त जाते. ‘सायकी’ यानावरच्या लेझरनं डिसेंबर २०२३मध्ये ३.१ कोटी किलोमीटरवरून सेकंदाला २६७ मेगाबिट वेगानं व्हिडिओ पाठवला. अडचण दोन ठिकाणी येते. झोत अतिशय अरुंद असल्यानं नेम आणखी काटेकोर लागतो. आणि ढग आले की सगळं ठप्प. जुलै-ऑगस्टमधलं नागपूरचं आकाश आठवा, म्हणजे असं केंद्र विदर्भात का टाकणार नाहीत ते कळेल.

मंगळावरचा रोव्हर थेट पृथ्वीशी बोलतो का?

बोलू शकतो, पण फार हळू. रोव्हरच्या, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीच्या, छोट्या अँटेनानं थेट बोलायचं तर वेग सेकंदाला काहीशे ते काही हजार बिट मिळतो. ४ मेगाबाइटचा एक फोटो ५०० बिटच्या वेगानं पाठवायला जवळपास १८ तास जातील. म्हणून रोव्हर डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास माहिती देतो. तिथे २ मेगाबिटपर्यंत वेग मिळतो आणि तोच फोटो १६ सेकंदांत वर जातो. उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाखाली जातो, त्यामुळे आधी काय पाठवायचं याची यादी तयार ठेवावी लागते.

महाराष्ट्राचा इथे थेट संबंध आहे. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण सिग्नल नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं पृथ्वीवरून पकडला. तो अपेक्षेआधीच थांबला. का थांबला, ते पुढे सांगितलंय.

संपर्क तुटतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

लोकांना वाटतं बॅटरी संपली. तसं होतंही. २०१८च्या धुळीच्या वादळात ‘ऑपॉर्च्युनिटी’ या रोव्हरच्या सौर पॅनलवर ऊन पोचेना आणि १० जूननंतर ती बोलली नाही. आपल्या मंगलयानाशी एप्रिल २०२२मध्ये संपर्क तुटला, तोही लांबलचक ग्रहणकाळानंतर. पण जुनी प्रकरणं चाळली की अँटेनाच जास्त वेळा सापडतो.

व्हायकिंग १ मंगळावर सहा वर्षं ठणठणीत होतं. नोव्हेंबर १९८२मध्ये बॅटरीच्या चार्जिंगसाठी नवा प्रोग्राम पाठवला गेला आणि तो अँटेना वळवण्याच्या माहितीवरच लिहिला गेला. यान चालू होतं, पृथ्वी कुठे आहे हेच त्याला कळेना. बीगल २ हे २५ डिसेंबर २००३ला उतरायचं होतं आणि गप्पच राहिलं. २०१५मध्ये वरून काढलेल्या फोटोंत ते सापडलं, सुखरूप उतरलेलं! सगळी पॅनल उघडली नव्हती आणि अँटेना होता शेवटच्या पॅनलखाली. शेवटी उघडणाऱ्या भागाखाली बोलण्याचं एकमेव साधन ठेवायचं नाही, हा धडा त्यातून मिळाला. गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ची छत्रीसारखी मोठी डिश १९९१मध्ये अर्धवट उघडून अडकली, मग अख्खी मोहीम लहान अँटेनावर रखडत पार पाडली.

वाचलेलं उदाहरणही आहे. जुलै २०२३मध्ये चुकीच्या आज्ञेनं व्हॉयेजर २ची अँटेना फक्त २ अंश वळली आणि संपर्क गेला. कॅनबेराहून पूर्ण ताकदीनं आज्ञा पाठवली, ती पोचायला १८ तासांहून जास्त लागले, आणि ४ ऑगस्टला यान पुन्हा बोलू लागलं. तसं झालं नसतं तरी ऑक्टोबरमध्ये ते आपोआप दिशा जुळवणार होतं, तशी सोय आधीच करून ठेवली होती. ठरावीक दिवस पृथ्वीचा आवाज आला नाही तर ‘माझंच काहीतरी बिघडलं’ असं समजून दुसरा रिसीव्हर आणि दुसरा अँटेना लावून पाहायचा, ही सवय प्रत्येक दूरच्या यानाला लावलेली असते.

सूर्य मध्ये आला तर?

साधारण २६ महिन्यांतून एकदा मंगळ सूर्यापलीकडे जातो. सूर्याजवळच्या तप्त वायूतून जाताना सिग्नल विस्कटतो. अर्धवट पोचलेली आज्ञा न पोचलेल्या आज्ञेपेक्षा घातक, म्हणून सुमारे दोन आठवडे आज्ञा पाठवणंच थांबवतात. तेवढ्या दिवसांचं काम यानाला आधीच नेमून दिलेलं असतं. माणसं असतील तेव्हाही या काळात त्यांना एकट्यानंच निभवावं लागेल, किंवा सूर्याला वळसा घालून निरोप नेणारा वेगळा उपग्रह लागेल.

नागपुरात गच्चीवर बसून हे ऐकता येईल का?

घरच्या ६० सेंटीमीटरच्या डिशनं मंगळ ऐकू येणार नाही. ३४ मीटरच्या डिशचं क्षेत्रफळ तिच्या ३,२०० पट असतं. पण हात बसवायला दोन चांगले टप्पे आहेत.

पहिला, अवकाश स्थानक. १४५.८०० मेगाहर्ट्झ, एफएम. ४९ सेंटीमीटरच्या दोन तारांचा साधा अँटेना (डायपोल) आणि संगणकाला जोडायचा यूएसबी एसडीआर रिसीव्हर पुरतो. स्थानक येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते, हा डॉप्लर परिणाम इथेच कानांनी समजून घ्यावा. दूरच्या यानाचा वेग याच युक्तीनं मोजतात. स्थानकावरून रोज बोलत नाहीत, तेव्हा ऐकू आलं नाही म्हणून लगेच डायपोल मोडू नका.

दुसरा टप्पा खरा शिकवणारा: २५.९ अंश पूर्व रेखांशावरचा क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा उपग्रह. नागपूरहून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, उत्तरेपासून मोजलं तर २५५ अंशांवर दिसतो, क्षितिजापासून सुमारे २६ अंश वर. त्या बाजूला शेजारची इमारत किंवा कडुलिंब नको. ६० ते ९० सेंटीमीटरची डिश आणि ९७५० मेगाहर्ट्झ ऑसिलेटरचा पीएलएल एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा) घ्या, त्याला वेगळ्या पॉवर इंजेक्टरनं १३ व्होल्ट द्या. एसडीआरमधून मिळणारा विजेचा दाब पुरत नाही. उपग्रहाची मधली खूण, म्हणजे सतत चालू असणारा ओळखीचा सिग्नल, १०,४८९.७५० मेगाहर्ट्झवर आहे, ती तुमच्या रिसीव्हरवर ७३९.७५०च्या आसपास दिसेल.

इथे नागपूरचं ऊन आडवं येतं. एलएनबीच्या स्फटिकात दहा लाखात एक भाग फरक पडला तरी १० किलोहर्ट्झची घसरण होते, आणि बोलण्याचा सिग्नल जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद. मे महिन्यात दुपारी गच्चीवर एलएनबी तापला की आवाज हातातून निसटत राहतो. उपकरण चालू करून अर्धा तास थांबा, रात्री आठनंतर ऐका, आणि मधल्या खुणेवरून घसरण मोजून तेवढी वजा करा. सिग्नल मुळीच दिसत नसेल तर डिश उभी-आडवी एकेक अंश हलवा आणि एलएनबी फिरवून पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते. ऐकण्यापलीकडे जाऊन स्वतः बोलायचं तर हौशी रेडिओचा परवाना लागतो, त्याची परीक्षा केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो. परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालू करू नका.

मंगळावर जायला किती दिवस लागतात? आणि पाहिजे तेव्हा का निघता येत नाही?

कमीत कमी इंधनाच्या वाटेनं सुमारे २५९ दिवस. यान मंगळाकडे सरळ जात नाही, ते सूर्याभोवतीच्या लांबट कक्षेत ढकललं जातं आणि बाकी वेळ इंजिन बंद ठेवून तरंगत जातं. निघताना मंगळ पृथ्वीच्या ४४ अंश पुढे असावा लागतो. यान सोडतात ते रिकाम्या जागेच्या दिशेनं, जिथे मंगळ साडेआठ महिन्यांनी येणार आहे. जामठ्याच्या मैदानावर धावत्या क्षेत्ररक्षकाच्या पुढे चेंडू फेकतात, तसंच. अशी जुळणी २६ महिन्यांनी एकदा होते: २०२०च्या जुलैत, २०२२च्या उत्तरार्धात, २०२४च्या अखेरीस, आणि नंतर २०२६च्या अखेरीस. चुकली की सव्वादोन वर्षं थांबा.

परतीलाही हाच नियम. म्हणून पोचल्यावर तिथे सुमारे ४५० दिवस मुक्काम, आणि सगळी सहल ९७० दिवसांच्या घरात. ‘आठवडाभर बघून येऊ’ असं नाही जमत.

मंगलयान थेट का गेलं नाही?

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटमध्ये तेवढी ताकद नव्हती. ५ नोव्हेंबर २०१३ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं १,३३७ किलोचं यान (त्यात ८५२ किलो इंधन) आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत ठेवलं. मग पृथ्वीजवळून जाताना दर वेळी ४४० न्यूटनचं इंजिन थोडं थोडं पेटवून कक्षा ताणत नेली. जवळून जाताना यानाचा वेग सर्वांत जास्त असतो आणि त्या वेळी जाळलेलं इंधन सर्वांत जास्त फळ देतं.

११ नोव्हेंबरला एक पायरी अडखळली. इंधनाच्या वाल्व्हची मुख्य आणि राखीव कॉइल एकाच वेळी चालू करून पाहिली तेव्हा प्रवाह थांबला आणि यान १ लाख किलोमीटरऐवजी ७८,२७६ किलोमीटर उंचीपर्यंतच गेलं. दुसऱ्या दिवशी जास्तीचा धक्का देऊन ते १,१८,६४२ वर नेलं. १ डिसेंबरला सुमारे २२ मिनिटांच्या ज्वलनानं यानानं पृथ्वी सोडली.

पुढची धाकधूक वेगळीच होती. मोठं इंजिन जवळपास ३०० दिवस बंद होतं. म्हणून २२ सप्टेंबर २०१४ला ते चार सेकंद पेटवून तपासलं, आणि २४ सप्टेंबरला मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी सुमारे २४ मिनिटं. हे सगळं यानानं आधी दिलेल्या आज्ञांवर एकट्यानं केलं. सिग्नल यायला १२ मिनिटं लागत होती, शिवाय मध्येच ते मंगळाच्या आड गेलं.

उतरणं इतकं अवघड का?

हवा आहे, पण पुरेशी नाही. मंगळाचा हवेचा दाब पृथ्वीच्या एका टक्क्याहून कमी. जाळायला पुरते, थांबवायला नाही. ‘पर्सिव्हरन्स’ १८ फेब्रुवारी २०२१ला ताशी सुमारे १९,५०० किलोमीटर वेगानं आत शिरला. आधी उष्णतारोधक ढाल, मग २१.५ मीटरचं पॅराशूट, मग रॉकेटं, आणि शेवटी दोरांवरून अलगद खाली. सात मिनिटं, सगळं आपोआप. तो रोव्हर १,०२५ किलोचा. माणसांचं यान २० टनांच्या आसपास असेल, आणि पॅराशूट तेवढं वाढवता येत नाही.

स्कियापारेलीचं काय झालं? पॅराशूटखाली ते अपेक्षेपेक्षा जास्त हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण काही क्षण आपल्या मर्यादेला टेकलं, त्यावरून संगणकानं आपली दिशा चुकीची धरली आणि उंची उणे काढली, म्हणजे आपण जमिनीखाली आहोत! मग ३.७ किलोमीटर उंचीवर पॅराशूट सोडलं, रॉकेटं तीन सेकंदांत बंद केली. १९९९चं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ तर एककांनी बुडवलं: एका गटाचे आकडे पाउंडात, दुसऱ्याचे न्यूटनमध्ये, फरक ४.४५ पटींचा. यान ठरल्यापेक्षा फार खाली, ५७ किलोमीटरवर गेलं. शाळेत एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणाऱ्या बाईंचं काही चुकत नाही.

चार माणसांना काय काय न्यावं लागेल?

एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन आणि वेष्टनासह १.८ किलो अन्न लागतं. चौघांचे ९७० दिवस म्हणजे सुमारे ३.३ टन ऑक्सिजन आणि ७ टन अन्न. पाणी एवढं नेणं शक्यच नाही, ते परत वापरायचं. घाम आणि लघवीसह ९८ टक्के पाणी परत मिळवणं अवकाश स्थानकावर २०२३मध्ये साधलं. उरलेले दोन टक्के आणि शुद्धीकरण यंत्राचे सुटे भाग मात्र न्यावेच लागतील.

परतीच्या रॉकेटला सुमारे २५ टन ऑक्सिजन लागेल. तो तिथल्याच हवेतून काढण्याचा प्रयोग पर्सिव्हरन्सवरच्या ‘मॉक्सी’ या यंत्रानं केला: कार्बन डायऑक्साइडपासून एकूण १२२ ग्रॅम, ताशी जास्तीत जास्त १२ ग्रॅम. माणूस तासाला ३५ ग्रॅम वापरतो. पद्धत सिद्ध झाली, आता यंत्र शेकडो पटींनी मोठं हवं.

किरणोत्सर्गाचं काय?

हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरनं प्रवासात रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) मोजले, जमिनीवर सुमारे ०.६५. पूर्ण सहलीचा हिशेब १,००० मिलिसिव्हर्टच्या पुढे जातो; नासाची अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ६०० आहे. जाड भिंत हा उपाय, पण भिंतीला वजन असतं.

मंगळाच्या मातीत संत्री लागतील का?

हा प्रश्न नागपुरात विचारल्याशिवाय राहत नाही. उघड्यावर मुळीच नाही: सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास, इतक्या कमी दाबात पाणी टिकत नाही, आणि ऊन पृथ्वीच्या ४३ टक्के. मातीत परक्लोरेट क्षार आहेत, हे ‘फीनिक्स’ यानाला २००८मध्ये सापडलं. ते थायरॉइडला घातक, माती धुतल्याशिवाय लागवड नाही. बंद हरितगृहात झाड जगवलं तरी फळ यायला चार-पाच वर्षं आणि मुक्काम ४५० दिवसांचा. मृग बहारासाठी ताण कधी द्यायचा ते तर बाजूलाच ठेवा, तिथलं वर्ष ६८७ दिवसांचं आहे. पहिल्या खेपेला पालेभाज्या आणि मुळे बरे.

शुक्र जवळ आहे, मग तिथे का नाही?

पृष्ठभागावर ४६५ अंश आणि पृथ्वीच्या ९० पट दाब. १९८२मध्ये उतरलेलं सोव्हिएत यान व्हेनेरा १३ हे १२७ मिनिटं टिकलं. वरून अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४मध्ये १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. उड्डाण मार्च २०२८मध्ये ठरलं आहे.

मंगळावर प्लॉट विकत घेता येतो का?

नाही. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार कुठल्याही देशाला तिथल्या जमिनीवर मालकी सांगता येत नाही, मग सातबारा देणार कोण? ‘प्रमाणपत्र’ विकणाऱ्याला पैसे देऊ नका. नाव पाठवायची हौस असेल तर नासा ते काम मोफत करते, पर्सिव्हरन्सबरोबर १.०९ कोटी नावं गेली.

इथून मंगळ नीट कधी दिसेल?

१९ फेब्रुवारी २०२७ला तो पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो, अंतर सुमारे १०.१ कोटी किलोमीटर. सिंह राशीत असल्यानं नागपूरहून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येईल, म्हणजे हवेचा थर सर्वांत पातळ. सहा इंची दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून थंड होऊ द्या, मोठेपणा १५० पटींच्या आसपास ठेवा. तापलेल्या सिमेंटच्या गच्चीपेक्षा गवताची जागा बरी. स्लॅबमधून वर येणाऱ्या उष्ण हवेनं बिंब थरथरतं. दुर्बीण नसली तरी आठवडाभर रोज त्याच वेळी जवळच्या ताऱ्यांसह त्याची जागा कागदावर टिपा. तो उलटा, पश्चिमेकडे सरकताना दिसेल.